'सध्या हातात काय?' : वाचनालयातल्या एका वहीच्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

देवघेवीच्या खिडकीशेजारी आजपासून एक जाड फुलस्केप वही ठेवली. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं: 'सध्या हातात काय?' आत चारच रकाने आहेत. तारीख, पुस्तक, कुठवर आलात, आणि एक-दोन ओळी. नाव लिहायची सक्ती नाही.

हे कशासाठी, ते सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. दर वर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो. आम्ही त्या दिवशी फलकावर 'माझे आवडते पुस्तक' असं लिहून खाली जागा सोडतो. ते जुने कागद माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. त्यांत 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्यामची आई', 'छावा' हीच नावं फिरून फिरून येतात. पुस्तकं मोठी आहेत आणि लोक मनापासूनच लिहितात. पण त्यांतली कितीतरी वाचनं विशी-पंचविशीतली. आज त्या माणसाच्या उशाशी काय आहे, ते कागदावरून कळत नाही.

तेच सभासद पुस्तक परत करताना खिडकीपाशी काय बोलतात, ते मात्र ऐकत राहावं असं असतं. "सुरुवात जरा रेंगाळते, पण पन्नास पानं धीर धरा." रांगेत मागे उभा असलेला माणूस हे ऐकतो आणि तेच पुस्तक मागतो. छापील शिफारस-यादी भिंतीवर वर्षभर लटकते, तिने एवढी पुस्तकं हललेली मी पाहिली नाहीत. खिडकीपाशी बोलून विरून जाणारं ते बोलणं कागदावर उतरावं, एवढंच हे काम आहे.

नियम दोन. शेवट सांगायचा नाही. आणि 'या पुस्तकातून आपल्याला शिकायला मिळते की' असं काही लिहायचं नाही. तसं लिहायला सुरुवात झाली की शाळेतली वही होते.

२२ जून, शनिवार

पहिली नोंद एसटीच्या एका वाहकांची. ते मुक्कामी गाडीवर असतात. रात्री गाडी गावात लागली की सकाळपर्यंत वेळच वेळ. पुस्तक: 'रारंगढांग'. कुठवर: अर्ध्याच्या पुढे. ओळी: "रस्ता करणाऱ्याचं पुस्तक पहिल्यांदा वाचतोय. रोज पसरणीचा घाट चढतो-उतरतो, कधी विचार केला नव्हता की हा कोणी कोरला."

प्रभाकर पेंढारकरांची ही कादंबरी १९८१ची. हिमालयात कड्यातून रस्ता काढणारा विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर, आणि त्याची लष्करी शिस्तीशी होणारी झटापट. आमच्याकडच्या प्रतीची बांधणी सैल झाली आहे. शिपाईमामांना सांगून आजच डिंक लावून घेतला, कारण संध्याकाळी आलेल्या एका तरुण ठेकेदाराने वही वाचून लगेच विचारलं, "ताई, हे परत कधी येईल?"

खाली कोणीतरी बॉलपेनने बारीक अक्षरात: "नारायण धारप. रात्री वाचायला घेतलं, आता दिवसा वाचतोय." या नोंदीचा मला विशेष आनंद झाला. भयकथा वाचणारे सभासद आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण फलकावर त्यांतलं एकही नाव आजवर आलेलं नव्हतं.

३० जून, रविवार

संचालकांपैकी एकांनी सुचवलं की लोक लिहीपर्यंत थांबायचं कशाला, देवघेव नोंदवहीत सगळं असतंच, त्यातून 'या आठवड्यात कोणी काय नेलं' अशी यादी लावू. मी नको म्हटलं, आणि का ते त्यांना सविस्तर सांगितलं.

माणूस काय वाचतो हे त्याचं खासगी असतं. कोणी आजारावरचं पुस्तक नेतं, कोणी घटस्फोटाच्या कायद्याचं, कोणी नव्यानेच देवाधर्माचं, तर कोणी देव नाही म्हणणारं. तालुक्याच्या गावात अशी यादी भिंतीवर गेली, तर पुढच्या आठवड्यात ती पुस्तकं कपाटातून हलणार नाहीत. लोक वाचनालयात येतात ते इथे कोणी विचारणार नाही या भरवशावर. वहीत लिहायचं ते ज्याला सांगावंसं वाटतं त्याने, वाटेल तेवढंच. देवघेव नोंदवही बंदच राहील. त्यांना हे पटलं. ठराव वगैरे केला नाही, पण लक्षात राहावं म्हणून इथे लिहिते.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी, वाचनालय बंद. आज एक आजी नातवाला घेऊन आल्या. लिहिण्याचं काम नातवाने केलं, सांगत होत्या त्या. पुस्तक: ज्ञानेश्वरी. कुठवर: सहावा अध्याय. ओळी: "रोज नऊ ओव्या. कळल्या तर पुढं, नाहीतर उद्या त्याच."

ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार. एकही दिवस न चुकता रोज नऊ धरल्या तरी पावणेतीन वर्षं लागतील, आणि त्यात 'उद्या त्याच' हे धरलेलंच नाही. एवढ्या सावकाश वाचनाची नोंद कुठल्याही फलकावर कधी आली नसती, कारण आपण विचारतो तेच मुळी 'वाचून झालं का' असं.

४ ऑगस्ट, रविवार

आज पहिला कट्टा. दुपारी पाचला, मुक्तद्वार विभागातली टेबलं बाजूला करून सतरंजी घातली. सध्या वाचत असलेलं पुस्तक हातात घेऊन या, संपलेलं असायलाच हवं असं नाही, एवढंच फळ्यावर लिहिलं होतं. भाषण नाही, अध्यक्ष नाही, शाल-श्रीफळ नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातात 'स्मृतिचित्रे'. दुपारी मशीन चालू असताना मुलगी शेजारी बसून मोठ्याने वाचते. मशीनच्या आवाजात मधली वाक्यं बुडतात, मग ताई पाय थांबवतात आणि "परत वाच" म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग मुलीने तिथेच वाचून दाखवले आणि सगळे खळखळून हसले. नंतर ताई म्हणाल्या, "बाई एवढं सोसते आणि एवढं हसवते. मी कुणाला माझं सांगायला लागले की रडतेच." लक्ष्मीबाईंवर मी बरंच समीक्षात्मक लेखन वाचलंय. या वाक्याजवळ पोचणारं त्यात थोडंच आहे.

त्यावरून एकांनी शंका काढली की ऐकणं म्हणजे वाचणं का. शंका प्रामाणिक होती. स्टोरीटेलवर पुस्तकं ऐकणाऱ्या दोन जणी समोरच बसल्या होत्या, त्यांनी स्वयंपाक करताना एक अख्खी कादंबरी ऐकली होती आणि त्यातलं बारीकसारीक त्यांना आठवत होतं. आमच्याकडे हरिविजय, पांडवप्रताप घरोघर ऐकलेच जात. एक वाचायचा, ओसरीभर माणसं ऐकायची. ऐकलेलं पुस्तक वहीत येईल, असं ठरलं. रकान्यात 'ऐकतेय' असं लिहायचं.

मग ज्यासाठी ही नोंद मुद्दाम लांब लिहितेय, ते. बँकेत नोकरी करणारा एक तरुण 'बलुतं' घेऊन आला होता. दया पवारांचं हे दलित आत्मकथन १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेले. तो तरुण म्हणाला, "थांबून थांबून वाचतोय. मुंबईतल्या कावाखाना वस्तीची पानं वाचून दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं होतं." तो गप्प झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा बोलायला लागले. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या लहानपणी गावात पाणवठे वेगळे होते, आई उन्हात घागर घेऊन कोणी पाणी वाढेल म्हणून उभी राहायची. हे त्यांनी शांतपणे, एकही विशेषण न वापरता सांगितलं. ते कितीतरी वर्षं आमचे सभासद आहेत. रोज वर्तमानपत्र वाचून जातात. 'बलुतं' त्यांनी ते आलं तेव्हाच वाचलेलं होतं. "पण बोलायचं कुणाशी?" असं ते म्हणाले.

जाताना त्या तरुणाने आजोबांना गाडीवरून घरी सोडलं. पुढच्या रविवारीही येतो म्हणालेत दोघं.

'माझे आवडते पुस्तक' या फलकावर 'बलुतं' आलं असतं तर एक ओळ झाली असती. अर्ध्यात असलेलं पुस्तक माणूस अजून मनात वागवत असतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना त्याचं स्वतःचं काहीतरी बाहेर येतं. आज हे मला स्पष्ट दिसलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतली मुलं वहीजवळून जातात, पण लिहीत नाहीत. आज विचारलं. उत्तर: "ताई, आम्ही कुठं वाचतो? आम्ही अभ्यास करतो." स्पर्धा परीक्षेची ही मुलं सकाळी सातला येतात आणि रात्री दिवे बंद होईपर्यंत बसतात. तालुक्यात एवढा वेळ पुस्तकासमोर बसणारं दुसरं कोणी नसेल. त्यांना स्वतःला ते वाचक वाटत नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, अभ्यासाचं लिहा ना. दुपारी एका मुलीने लिहिलं: "राज्यघटना. कलम २१ पाशी आहे. एवढंसं कलम आणि त्यावर केवढे निकाल." तिच्याखाली दुसऱ्याने: "एक होता कार्व्हर. झोपताना दहा पानं. हे परीक्षेत येत नाही म्हणून वाचतो." वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१पासून वाचलं जातंय. गुलामीत जन्मलेला पोरका मुलगा शिकून अमेरिकेतल्या टस्कीगीच्या संस्थेत शेतीचा शास्त्रज्ञ होतो आणि कापसाने खंगलेल्या जमिनीसाठी भुईमुगाचा आग्रह धरतो. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या मुलांना यात काय सापडत असेल, ते मी सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत अभ्यासिकेच्या जिन्यात 'कार्व्हर'ची चर्चा चालू होती. दोन प्रती आहेत, दोन्ही बाहेर गेल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीमुळे वर्दळ कमी. बालविभागाने मात्र वही पळवली. सहावीतल्या एकाने 'फास्टर फेणे' लिहून ओळींच्या रकान्यात फक्त "ट्टॉक!" एवढंच लिहिलंय. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ज्याने वाचलाय त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. मुलांसाठी खालच्या उंचीवर वेगळी वही ठेवते.

नववीतल्या एका मुलीची नोंद गंभीर आहे. पुस्तक: 'पाडस', राम पटवर्धनांचा अनुवाद. कुठवर: शेवटची चाळीस पानं राहिली. ओळी: "पाडस आता मोठं झालंय आणि शेतातलं पीक खातंय. मला पुढे वाचवत नाही." त्याखाली दुसऱ्या शाईत, मोठ्या माणसाच्या वळणदार अक्षरात: "मीही इथेच थांबलो होतो. वाच, बाळा. घरात कोणीतरी जवळ असताना वाच."

शेवट न सांगता यापेक्षा अधिक काही सांगता येईल असं मला वाटत नाही. हा सभासद कोण, हे मी शोधणार नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

कट्ट्यावरची मंडळी मिळून भिलारला जाऊन आलो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना घेतलेली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे विक्री नाही. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या उघडून दिल्या. पंचवीस ठिकाणं आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं अशी सुरुवात झाली, नंतर दोन्ही आकडे वाढले. एका घरात एकच साहित्यप्रकार: कुठे चरित्र-आत्मचरित्र, कुठे बालसाहित्य, कुठे कविता. जायचं, बसायचं, वाचायचं, पुस्तक तिथेच ठेवून निघायचं.

तिथे मला जे जाणवलं ते आमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. वाचनालयात अनोळखी माणसाला 'काय वाचताय' असं विचारायला आपण संकोचतो. भिलारच्या घरात, दुसऱ्याच्या ओसरीवर बसल्यावर तो संकोच राहत नाही. आमच्या शिवणकामवाल्या ताईंनी साताऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाशी पाच मिनिटांत पुस्तकांवरून गप्पा सुरू केल्या. जागेचा फरक मोठा आहे. आमची लाकडी बाकं भिंतीकडे तोंड करून आहेत. ती समोरासमोर करायची, असं परतताना गाडीतच ठरलं.

एक मर्यादाही दिसली. एका बैठकीत लांब कादंबरी होत नाही, आणि दर आठवड्याला घाट चढून कोण येणार? घरी न्यायला देणारी वाचनालयं म्हणून लागतातच.

५ ऑक्टोबर, शनिवार

परवा, ३ तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावात पेढे वाटले गेले. वाचनालयात त्याचा परिणाम लगेच दिसला: दोघांनी 'लीळाचरित्र' मागितलं, एकाने 'गाथासप्तशती'चा मराठी अनुवाद. वहीतली नोंद: "लीळाचरित्र, पूर्वार्ध. वाक्यं इतकी छोटी आहेत की आपण गोष्ट ऐकतोय असंच वाटतं. सातशे वर्षांपूर्वीची भाषा अवघड असेल म्हणून हात लावला नव्हता."

बातमीने पुस्तक कपाटातून काढलं, हे चांगलंच झालं. पण ते वाचून होईल ते अशा नोंदीमुळे. ही ओळ वाचून तिसऱ्याने नाव लावलंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. फलकावर या वेळी प्रश्न बदलला: वहीतलाच घातला. पाहुणे म्हणून विश्वकोशाच्या कामाशी जवळून परिचय असलेले एक निवृत्त शिक्षक आले होते. विश्वकोशाचं कार्यालय वाईतच, त्यामुळे या भागात त्याची आपुलकी खूप. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला. सरांनी फलकावर लिहिलं: "मराठी विश्वकोश, पहिल्या खंडापासून क्रमाने. सध्या चौथा." कोणीतरी विचारलं, "सर, कोश कोणी सलग वाचतं का?" ते म्हणाले, "शब्द शोधायला उघडला की शेजारची नोंद बोलावते. मग म्हटलं, सगळ्यांकडेच जाऊन येऊ."

आता त्यांच्यामागे शाळेतली चार मुलं विश्वकोशाच्या कपाटाशी रेंगाळतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

महिनाभर वहीत दिवाळी अंकच आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि वाचनालयांचा वर्षातला सगळ्यात गडबडीचा काळ. वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतो. अंक ठरावीक दिवसांत परत करून पुढचा न्यायचा.

इथे वहीने एक गोष्ट सोपी केली. दिवाळी अंक कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचत नाही. एवढ्या अंकांत आपल्याला हवा तो लेख कुठे, हे कळायलाच डिसेंबर उजाडतो. लोक आता वहीत अंकाचं नाव लिहून नेमका लेख किंवा कथा लिहितात. मागे एका सभासदांनी सुचवलं म्हणून प्रत्येक अंकाच्या मलपृष्ठाच्या आत कोरी चिठ्ठी चिकटवली: 'तुम्ही काय आधी वाचलंत?' आज परत आलेल्या एका अंकातल्या चिठ्ठीवर तीन वेगळ्या अक्षरांत तीन नोंदी. तिसरी दुसरीशी भांडणारी: "मला ही कथा पटली नाही. शेवटी बाई गप्प का राहते?" पुढच्या माणसाने उत्तर दिलं तर मजा येईल.

'किशोर'चा दिवाळी अंक मात्र मुलांपेक्षा आजी-आजोबाच जास्त नेतात. नेऊ देत.

१५ डिसेंबर, रविवार

पुण्यात पुस्तक महोत्सव सुरू झालाय. त्याआधी 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' म्हणून एका दिवशी ठरल्या वेळी सगळ्या शहराने आपापलं पुस्तक हातात घेतलं, त्याचे फोटो आमच्या सभासदांच्या फोनवर फिरत होते. रिक्षावाले, पोलीस, दुकानदार, सगळे आपल्या पुस्तकासह. मला त्यात सगळ्यात काय आवडलं तर मुखपृष्ठं दिसत होती. कोण काय वाचतंय हे बघायला मी फोटो मोठे करून पाहिले. आमच्याकडचे काही जण महोत्सवाला जाऊन आले आणि पिशव्या भरून आणल्या.

आजच्या कट्ट्यावर विषय निघाला सोडून दिलेल्या पुस्तकांचा. एका गृहिणीने धीर करून सांगितलं की एका नावाजलेल्या कादंबरीची शंभर पानं वाचून तिने ती परत केली. ती नजर खाली घालून बोलत होती. मग इतरांनाही बोलावंसं वाटलं. प्राध्यापक असलेल्या एकांनी सांगितलं की 'कोसला' त्यांच्याने कॉलेजात असताना पुढे सरकली नव्हती, चाळिशीत एका रात्रीत वाचली. तेव्हा वहीत एक रकाना वाढवला: 'थांबलो/थांबले'. पुस्तक मिटून ठेवणं हाही वाचनाचाच भाग आहे. ते पुस्तक अमुक वयात, अमुक दिवसांत जमलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही मोकळीक नसेल तर लोक एकाच पुस्तकात महिनोन्महिने अडकून बसतात आणि लाजेपोटी दुसरं मागतच नाहीत. असे सभासद हळूहळू यायचेच बंद होतात, हे मी पाहिलेलं आहे.

आणखी एक नोंद, नुकतंच लग्न झालेल्या एका मुलाची: "रुचिरा. कमलाबाई ओगले. पान उघडेल तिथून. रोज एक पदार्थ वाचतो, रविवारी एक करतो." पाककृतीचं पुस्तक असं चवीने वाचणारा माणूस आमच्याकडे होता, हे देवघेव नोंदवहीतून मला कधी कळलं नसतं. वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं १९७०चं हे पुस्तक अजून नव्या संसारात जातंय. बायको म्हणाली, भरली वांगी जमतात आता त्याला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुस्तकखरेदीची बैठक. दर वर्षी वितरकांच्या याद्या येतात, पुरस्कारांच्या याद्या येतात, त्यावरून निवड होते. यंदा मी वहीतली पानं समोर ठेवली. कुठल्या पुस्तकासाठी किती जणांनी नाव लावलंय, कोणती प्रत फाटलीय, कुठल्या विषयाचं लोक मागतात आणि आपल्याकडे नाही. 'रारंगढांग', 'कार्व्हर', 'पाडस' यांच्या नव्या प्रती मंजूर झाल्या. गवंडीकाम, विहीर-पाणी, हळदीची लागवड या विषयांवरचीही. डिसेंबरात साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झालेलं सुधीर रसाळांचं 'विंदांचे गद्यरूप'ही घेतलं. विंदांच्या कविता वाचणारे दोघं-तिघं वहीत नियमित आहेत, त्यांच्या हाती ते पडलं पाहिजे.

दुसरं काम जुन्या पुस्तकांचं. मागच्या आतल्या बाजूची तारीख-चिठ्ठी बघत कपाटं फिरले. काहींवर शेवटचा शिक्का २००८चा, काहींवर त्याहून जुना. अशी पुस्तकं रद्दबातल करायच्या यादीत जातात. त्यांतली निवडून एका टेबलावर ठेवली आणि कट्ट्यावरच्यांना सांगितलं, प्रत्येकाने एक घरी न्या आणि वीस पानांनंतर काय वाटलं ते लिहा. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी रंगनाथनांची १९३१ची पाच सूत्रं शिकवतात. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे दुसरं सगळ्यांच्या लक्षात राहतं. तिसरं, 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक', हे पार पाडायचं तर कपाटासमोर उभं राहून होत नाही. ते पुस्तक एका माणसाने वाचून दुसऱ्याला सांगावं लागतं.

चि. वि. जोशींचं एक जीर्ण पुस्तक अभ्यासिकेतल्या मुलीने नेलं होतं. तिची नोंद: "जिन्यात बसून वाचत होते, हसू आवरेना, खालून ओरडा बसला." त्यावर नवा शिक्का पडला, आणि आता त्याला तीन नावं लागलीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल मराठी भाषा गौरव दिन झाला. कुसुमाग्रजांच्या कविता मुलांनी म्हटल्या. त्यांच्याच नावाच्या नाशिकच्या प्रतिष्ठानातून 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू झाला. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे जातात, वाचून झाल्या की एकमेकांत बदलतात. त्या पेट्या देशाबाहेरच्या मराठी मंडळींपर्यंतही पोचल्या आहेत. आमचं काम छोटं, पण दिशा तीच घ्यायचं ठरलं. तालुक्यातल्या लांबच्या वाड्यांतून लोक इथवर येऊ शकत नाहीत. दुपारची एसटी चुकली की दिवस गेला.

तीन पेट्या तयार केल्या. पुस्तकं वहीतल्या नोंदींवरून निवडली, आणि प्रत्येकात ज्याने वाचलं त्याच्याच शब्दांतली ओळ चिठ्ठीवर उतरवून ठेवली. 'स्मृतिचित्रे'त शिवणकामवाल्या ताईंचं वाक्य आहे. 'बलुतं'मध्ये काय लिहायचं हे मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "कुणाशी तरी बोला, एवढंच लिही." तेवढंच लिहिलं. 'पाडस'मध्ये ती दोन्ही अक्षरं जशीच्या तशी. नववीतल्या मुलीने पुस्तक संपवलं आहे आणि चिठ्ठी द्यायला तिची हरकत नाही. शेवटाबद्दल ती काही बोलली नाही, पण आता 'चौघीजणी' वाचतेय.

पेटीत एक कोरी वही आणि दोन पेनं. पेटी शाळेच्या व्हरांड्यात राहील, कपाटात नाही. मुलांबरोबर आया, शेतावरून परतणारी माणसं, सगळ्यांना हात लावता आला पाहिजे. पुस्तक हरवलं तर दंड नाही, दुसरं पाठवू, हे संचालकांनी मान्य केलं आहे. पहिली पेटी मंगळवारी जाईल. कुलूप लावायचं नाही, असं मुख्याध्यापिकांशी बोलून पक्कं केलं आहे.